बाजार समितीच्या हॉलात ब्रेक्झिट: हळद-मिरची निर्यातीच्या एक दिवसाच्या वर्गाचं परीक्षण

वर्धा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठिकाणी, बाजार समितीच्या हॉलात, महिन्यातून एकदा हा वर्ग भरतो. फी ७५० रुपये, त्यात जेवण, दोन चहा आणि एक पुस्तिका. वेगळे पैसे भरले तर हेच लोक पुढे निर्यातीची फाइलही करून देतात. पत्रकावर लिहिलंय, 'ब्रिटन आणि युरोपला हळद-मिरची कशी पाठवायची'. प्रत्यक्षात सकाळचे अडीच तास जातात ते ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर का पडलं (यालाच ब्रेक्झिट म्हणतात) आणि तिथले लोक त्यावर अजून का भांडतात, यावर. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू होते, ती साहजिक आहे. तरी आमच्या मते पैसे वसूल होतात ते याच अडीच तासांत. दुपारचा कागदपत्रांचा भाग जिथे लंगडतो, तिथे तो सकाळी स्वतःच शिकवलेलं विसरल्यामुळे लंगडतो. पाचपैकी साडेतीन गुण.

सुरुवात नकाशाने होते. संघ म्हणजे नेमकं काय होतं ते शिकवणारे सर तीन थरांत सांगतात. पहिला थर कस्टम्सचा: आत एकमेकांत जकात नाही, बाहेरच्यांना सगळ्यांची एकच जकात. दुसरा थर बाजाराचा: मालाचे नियम एकसारखे, एका देशात विकायला चालतो तो माल सगळीकडे चालतो, आणि माणसांनाही कुठेही जाऊन काम करता येतं. तिसरा थर राजकारणाचा: कायदे एकत्र बनवायचे आणि वाद झाला तर निकाल एकाच न्यायालयाचा. हळदीच्या व्यापाऱ्याच्या भाषेत याचा अर्थ एवढाच की न्हावा-शेवाहून निघालेला कंटेनर नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात एकदा सुटला की तोच माल ट्रकने लंडनला नेता यायचा आणि वाटेत दुसरं कस्टम्स लागायचं नाही. ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री हे बंद झालं. ब्रिटन अधिकृतपणे बाहेर पडलं ३१ जानेवारी २०२० ला, पण मधले ११ महिने जुनेच नियम चालू होते. या दोन तारखांचा घोळ बरेच लोक करतात. वर्गात तो होत नाही, हे चांगलं.

मग येतो वर्गाचा सगळ्यात चांगला भाग. सर 'बाहेर'ची बाजू घेतात आणि त्यांच्या सहकारी बाई 'आत'ची. दोघांना पंधरा-पंधरा मिनिटं. दोन्ही बाजू जीव तोडून मांडल्या जातात, कोणालाही बुजगावणं करून उभं केलेलं नसतं. बाहेरवाल्यांचं म्हणणं असं: १९७३ मध्ये आपण शिरलो ते व्यापारासाठी, पुढे कायदे ब्रसेल्सहून, म्हणजे संघाच्या मुख्यालयातून, यायला लागले; २००४ मध्ये पूर्व युरोपातले आठ देश आत आल्यावर ब्रिटनने पहिल्याच दिवसापासून दार उघडलं आणि किती लोक येणार हे ठरवण्याची सोय उरली नाही; समुद्र आपला, पण मासेमारीचा कोटा दुसरे ठरवतात; दरवर्षी वर्गणी भरायची आणि नियमही पाळायचे. आतवाल्यांचं म्हणणं असं: आपली जवळपास ४४ टक्के निर्यात याच संघात जाते, बाहेर पडलो तरी तिकडे विकायचं तर त्यांचेच नियम पाळावे लागतील, फक्त ते ठरवताना आपण खोलीत नसू, आणि उत्तर आयर्लंड (ब्रिटनचाच भाग) आणि आयर्लंड देश यांच्या सीमेवर १९९८ च्या शांतता करारानंतर जी शांतता आली तिला धक्का लागेल.

यानंतर हॉलात चिठ्ठ्या वाटतात. चिठ्ठीवर दोनच चौकोन: आत, बाहेर. चिठ्ठ्या बिस्किटाच्या दोन रिकाम्या डब्यांत पडतात आणि फळ्यावर निकाल लिहिला जातो. बहुतेक वेळा 'बाहेर' जिंकतं, कारण "आपला कायदा आपण करू" हे वाक्य विदर्भात कोणत्याही हॉलात टाळ्या घेतं. निकालावर थोडी खडाजंगी होते, कोणीतरी 'पाहा, मी म्हटलं होतं ना' म्हणून शेजाऱ्याच्या पाठीवर थाप मारतो, आणि चहा येतो.

चहानंतर 'बाहेर'वाल्यांनाच पुन्हा चार रंगांच्या चिठ्ठ्या मिळतात. पांढरी: संघ सोडायचा, पण एकच बाजार ठेवायचा, नॉर्वेसारखं. पिवळी: फक्त कस्टम्स एक ठेवायचं, तुर्कस्तानसारखं. हिरवी: साधा व्यापार करार, कॅनडासारखा. लाल: काहीच नको, करार न करता निघायचं. आता त्याच लोकांची आपसांत जुंपते. मासेमारी आणि माणसांच्या येण्यावर बोलणारे लाल किंवा हिरवीकडे जातात, व्यापारी मंडळी पांढरीकडे, आणि पिवळी कोणाला नीट समजलेलीच नसते. चारपैकी एकही चिठ्ठी निम्म्यावर पोचत नाही. सर मग शांतपणे फळ्यावर २७ मार्च २०१९ ही तारीख लिहितात. त्या दिवशी ब्रिटनच्या संसदेसमोर असेच आठ पर्याय ठेवले होते आणि आठही पडले. १ एप्रिलला चार पुन्हा ठेवले, तेही पडले. त्याआधी १५ जानेवारीला तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला होता. १२ मार्चला आणि २९ मार्चला तो पुन्हा पडला.

ब्रेक्झिटच्या भांडणाचं मूळ इथे आहे, आणि हे इतक्या स्वस्तात समजावणारा दुसरा वर्ग आम्हाला तरी माहीत नाही. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के 'बाहेर' आणि ४८.१ टक्के 'आत' पडले. मतदान ७२.२ टक्के. बाहेरच्या बाजूने १ कोटी ७४ लाख, आतच्या बाजूने १ कोटी ६१ लाख, फरक १२ लाख ६९ हजारांचा. इंग्लंड आणि वेल्स बाहेर, स्कॉटलंडचे ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडचे जवळपास ५६ टक्के आत. मतपत्रिकेवर 'बाहेर' होतं, 'कसं बाहेर' नव्हतं. म्हणून निकाल लागूनही भांडण मिटलं नाही. प्रत्येक जण म्हणायला मोकळा राहिला की मी मत दिलं ते या प्रकारच्या बाहेरसाठी, त्या प्रकारच्या नव्हे. २०१९ मध्ये संघ सोडण्याची नोटीस मागे घ्या म्हणणाऱ्या ऑनलाइन अर्जावर ६० लाखांहून जास्त सह्या झाल्या, लंडनमध्ये प्रचंड मोर्चे निघाले, आणि त्याच वर्षी १२ डिसेंबरच्या निवडणुकीत 'ब्रेक्झिट उरकून टाकू' म्हणणाऱ्या बोरिस जॉन्सन यांना ३६५ जागा मिळाल्या. दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच वर्षात.

तुर्कस्तानच्या पिवळ्या चिठ्ठीबद्दल वर्गात एक गोष्ट सुटते. तुर्कस्तानच्या त्या कस्टम्स संघात मुख्यतः कारखान्याचा माल येतो, कच्चा शेतमाल त्यात नाही. हळद पिकवणाऱ्यांनी भरलेल्या हॉलात ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी.

दुसरी खोट बसची. बाहेरवाल्यांच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलेले आठवड्याचे ३५ कोटी पौंड हा आकडा कसा फुगवलेला होता हे सर रंगवून सांगतात, आणि ते खरं आहे. ब्रिटनला मिळणारी सूट आधीच वजा व्हायची, त्यामुळे तेवढी रक्कम कधी जातच नव्हती, आणि ब्रिटनच्या सांख्यिकी प्राधिकरणाने तेव्हाच हा आकडा दिशाभूल करणारा ठरवला होता. पण दुसऱ्या बाजूचं माप बाई हळूच झाकून ठेवतात. मे २०१६ मध्ये सरकारच्याच अर्थखात्याने इशारा दिला होता की 'बाहेर' निकाल लागला तर लगेच मंदी येईल आणि सुमारे ५ लाख नोकऱ्या जातील. निकाल लागला, ती मंदी आली नाही. नुकसान झालं ते हळूहळू, गुंतवणुकीतून आणि व्यापारातून. तिथल्या अर्थसंकल्पीय जबाबदारी कार्यालयाचा अंदाज आहे की दीर्घ पल्ल्यात उत्पादकता सुमारे ४ टक्क्यांनी कमी राहील. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले असते तर चर्चा आणखी रंगली असती. जाता जाता, हॉटेलवाल्यांना दिलेलं आश्वासनही सांगायला हरकत नव्हती: युरोपातून येणारे कमी झाले की भारत-बांगलादेशातून आचारी आणणं सोपं होईल, असं बाहेरच्या बाजूने करी हॉटेलांच्या मालकांना सांगितलं जात होतं. ती हॉटेलं हळदीची गिऱ्हाइकं आहेत, म्हणजे हा मुद्दा हॉलातल्या लोकांच्या कामाचा आहे.

आता विदर्भ. सकाळच्या सत्रात कोणीतरी वेगळ्या विदर्भाचा विषय काढतोच, आणि इथे वर्ग घसरतो. सर एकत्र कुटुंबाच्या वाटणीचं उदाहरण देतात: घर वेगळं झालं तरी विहीर सामाईक राहते आणि धुऱ्यावरून भांडण होतं. आयर्लंडच्या सीमेपुरतं ते उदाहरण चपखल आहे. सुमारे ५०० किलोमीटरचा तो धुरा, त्यावर कुंपण घालायचं नाही हे दोघांनाही मान्य, पण एका बाजूला संघाचं कस्टम्स आणि दुसऱ्या बाजूला नाही, मग तपासणी करायची कुठे? शेवटी ती समुद्रात ढकलली, म्हणजे ब्रिटनच्या मुख्य बेटावरून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालावर, आणि त्यावरून पुन्हा वाद पेटला तेव्हा फेब्रुवारी २०२३ मध्ये विंडसर फ्रेमवर्क, म्हणजे ही तपासणी सोपी करणारी ब्रिटन आणि संघातली तडजोड, आलं. इथपर्यंत ठीक. पण हेच उदाहरण विदर्भाला लावलं की चुकीचं शिकवलं जातं. राज्य वेगळं होणं आणि संघातून देश बाहेर पडणं या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत. आपल्याकडे राज्यघटनेच्या कलम ३ प्रमाणे नवं राज्य संसद करते. राज्याच्या विधानसभेचं मत मागवतात, संमती लागत नाही, आणि लोकांचं सार्वमत तर त्या वाटेवर कुठेच नाही. तेलंगणाच्या वेळी आंध्र प्रदेश विधानसभेने जानेवारी २०१४ मध्ये विधेयक फेटाळलं, तरी संसदेने फेब्रुवारीत मंजूर केलं आणि २ जूनला राज्य झालं. मुख्य म्हणजे वर्धा-नागपूरची हळद उद्या वेगळ्या राज्यात गेली तरी मुंबईला जाताना कस्टम्स लागणार नाही. जीएसटीचा बाजार तोच राहतो. राज्य पुनर्रचनेच्या फाझल अली आयोगाने १९५५ मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती, त्याआधीच्या १९५३ च्या नागपूर कराराचं काय झालं, अनुशेष किती उरला, हे वाद करायला भरपूर आहेत. पण ब्रेक्झिटचा जोडा त्यांच्या पायात बसत नाही. आयोजकांनी हा भाग एकतर नीट करावा, नाहीतर थेट सांगावं की हा विषय आज नाही.

जेवण: पोळी, वांग्याची भाजी, वरण-भात, ठेचा. चांगलं आहे, वेळेवर आहे. तक्रार नाही.

दुपारच्या सत्रात एक काका विचारतात तो प्रश्न साऱ्या दिवसाचा गाभा आहे. "भाऊ, बायेर पडल्यावर कागद कमी व्हाले पायजे होते ना? मंग दोन-दोन काहून झाले?" सरांचं उत्तर: "काका, ब्रिटनचे कागद त्यांचे त्यांचे झाले. डबल झाले ते तुमचे." उत्तर बरोबर आहे. ब्रिटनने जाताना संघाचे बहुतेक सगळे नियम उचलून आपल्या कायद्यात जसेच्या तसे उतरवून घेतले. १ जानेवारी २०२१ च्या सकाळी खाद्यपदार्थांच्या बाबतीत दोन्हीकडे जवळपास अक्षरन्‌अक्षर एकच नियम होता. फाटा फुटतो तो त्यानंतर, कारण एकाने नियम बदलला तर दुसरा बदलेलच असं नाही.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण हळदीतलं शिसं. संघाने ऑगस्ट २०२१ मध्ये सुक्या मसाल्यांसाठी शिशाच्या मर्यादा लागू केल्या. कंद आणि मुळांच्या मसाल्यांना, म्हणजे हळद-आल्याला, किलोमागे १.५ मिलिग्रॅम. ब्रिटन तोवर निघून गेलं होतं, त्यामुळे ही मर्यादा तिथल्या कायद्यात आपोआप उतरली नाही. पण माल थेट उत्तर आयर्लंडला गेला तर तिथे संघाचाच नियम. म्हणजे 'युनायटेड किंगडम' हा फाइलमधला एक रकाना नाही, दोन आहेत. पुस्तिकेत मात्र एकच रकाना छापलाय, आणि सकाळी आयर्लंडचा धुरा इतक्या मन लावून शिकवणाऱ्यांकडून ही चूक अपेक्षित नव्हती. शिसं हळदीत येतं कुठून हेही पुस्तिका सांगत नाही. मुख्य धोका पॉलिशच्या वेळचा: हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून काही ठिकाणी ड्रममध्ये लेड क्रोमेट (शिशाचा पिवळा रंग) टाकतात. पॉलिश बाहेरून करून घेत असाल तर ड्रम आपल्या समोर झाडून घ्या, रंगाची पुडी दिसली तर माल उचलून परत आणा, आणि पॉलिशआधीचा व नंतरचा असे दोन नमुने वेगळे ठेवा. तपासणीत शिसं सापडलं तर ते जमिनीतलं की ड्रममधलं, हे मग वाद न घालता कळतं.

अफ्लाटॉक्सिनच्या, म्हणजे बुरशीतून येणाऱ्या विषाच्या, बाबतीत दोन्ही बाजू अजून एकच आहेत: हळद आणि मिरचीत त्याचा बी-१ हा प्रकार किलोमागे ५ मायक्रोग्रॅमपर्यंत, सगळे मिळून १०. हे वर्गात नीट सांगतात. बुरशी येण्याची कारणंही नीट सांगतात. हळद ४५ ते ६० मिनिटं शिजवली, मग १० ते १५ दिवस वाळवली, पण रात्री दव पडताना झाकली नाही, की वरून खडखडीत आणि आत ओली राहते. मोडली की 'टक' आवाज यायला हवा. वाकली तर वाळलेली नाही. ओलावा १० टक्क्यांच्या आत हवा, नाहीतर महिनाभर कंटेनरमध्ये घाम सुटतो आणि बुरशी बंदरावर पोचायच्या आत तयार होते. भिवापुरी मिरचीचं तेच, फक्त तिथे जमिनीवर ढीग घालण्याची सवय जास्त घात करते. ताडपत्री नव्हे, जाळी किंवा चौथरा, हे सरांनी तीनदा सांगितलं. तीनदा सांगण्यासारखंच आहे.

नमुना घेण्याबद्दलची माहिती मात्र अर्धवट आहे. वर्गात सांगतात 'लॅबला अर्धा किलो पाठवा'. एका पोत्यातून काढलेल्या अर्ध्या किलोचा अहवाल म्हणजे त्या पोत्याचा अहवाल. अफ्लाटॉक्सिन लॉटभर सारखा पसरलेला नसतो, तो ठिपक्यांसारखा असतो. म्हणून संघाच्या नियमात लॉटच्या वजनाप्रमाणे ५ ते १०० ठिकाणांहून थोडं थोडं घेऊन ते एकत्र करतात. १५ टनांच्या पुढच्या लॉटला १०० ठिकाणं आणि मिळून १० किलो. इथे पास झालेला माल तिकडे का नापास होतो याचं निम्मं उत्तर या फरकात आहे.

साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) आणि इथिलीन ऑक्साइडचा गुंता बाईंनी फार छान सोडवला. खरेदीदार २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला शून्य मागतात. तो मारायचा सोपा मार्ग म्हणजे इथिलीन ऑक्साइड वायू, पण युरोपात तो चालत नाही. मसाल्यांसाठी मर्यादा किलोला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे व्यवहारात वापरूच नका. २०२४ मध्ये भारतीय मसाल्यांत हा वायू सापडल्याचा गाजावाजा झाल्यावर ब्रिटननेही भारतातून येणाऱ्या सगळ्या मसाल्यांवर जादा नजर ठेवायला सुरुवात केली. उपाय एकच, वाफेचं निर्जंतुकीकरण, आणि ते कुठे करून घेणार हे खरेदीदाराशी सौदा करण्याआधी ठरवायचं, नंतर नव्हे. संघाची जादा तपासणीची यादी साधारण दर सहा महिन्यांनी बदलते, ब्रिटनची आता स्वतःची वेगळी. माल भरायच्या आठवड्यात दोन्ही पाहायच्या. पुस्तिकेत छापलेली यादी पाहायची नाही. छापलेली यादी नेहमी शिळी असते.

लेबलचा भाग पंधरा मिनिटांत गुंडाळला, आणि नेमकं तिथेच छोट्या गटांचे पैसे बुडतात. किरकोळ पाकीट करून पाठवणार असाल तर १ जानेवारी २०२४ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये (इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स) विकायच्या खाद्यपदार्थावर तिथल्या आयातदाराचा किंवा कंपनीचा युनायटेड किंगडममधला पत्ता हवा. युरोपमधला पत्ता चालत नाही. युरोपात विकायचं तर उलट. उत्तर आयर्लंडसाठी पत्ता तिथला किंवा संघातला. याचा अर्थ एकच पाकीट छापून दोन्हीकडे पाठवायचा बेत असेल तर दोन्ही पत्ते छापा, नाहीतर दोन वेगळे रोल काढा. दहा हजार पाकिटं छापून झाल्यावर हे कळलं तर चिकटपट्टी लावत बसावं लागतं, आणि ती सुटली की माल थांबतो.

मार्गाबद्दल वर्गात एक जुनं वाक्य अजून फिरतं: 'रॉटरडॅमला उतरवा, पुढे कुठेही जाईल'. ते २०२० पर्यंत खरं होतं. आता रॉटरडॅमला माल सोडवला तर तो संघात आला, आणि लंडनला नेताना पुन्हा ब्रिटनचं कस्टम्स. शिवाय ब्रिटन-संघ करारातली शून्य जकात फक्त त्यांच्या दोघांच्या मूळच्या मालाला आहे. आपली हळद रॉटरडॅमला पोती बदलून युरोपची होत नाही. ब्रिटनलाच जायचं असेल तर थेट फेलिक्स्टो किंवा लंडन गेटवे या तिथल्या बंदरांचं बुकिंग घ्या, किंवा मध्ये उतरवायचंच असेल तर संघात न सोडवता टी-१ ट्रान्झिटवर (तिथली जकात न भरता माल पुढे नेण्याची सोय) पुढे न्या. ब्रिटन त्या ट्रान्झिट करारात स्वतंत्रपणे सामील आहे, त्यामुळे हे चालतं. आयातदाराकडे जीबीने सुरू होणारा ईओआरआय (कस्टम्सचा नोंदणी) क्रमांक आहे का, हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारा. उत्तर आयर्लंडच्या मालासाठी तो एक्सआयने सुरू होतो.

आता फाइल सेवेबद्दल. तिचे पैसे वेगळे, लॅबची फी त्यात नाही. आयईसी म्हणजे आयात-निर्यात क्रमांक काढणं (सरकारी फी ५०० रुपये, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन तपशील पुन्हा पक्का करायचा, नाहीतर क्रमांक बंद पडतो), मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी, जीएसटीचं एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र), खाद्यपरवाना: ही कामं ते झटपट आणि बिनचूक करतात. एलयूटी आर्थिक वर्षापुरतं असतं हे त्यांच्या लक्षात राहतं, तुमच्या राहणार नाही. एवढ्यासाठीही सेवा घ्यायला हरकत नाही. अडतं ते मूळदेशाच्या कागदावर, म्हणजे माल कोणत्या देशाचा ते सांगणाऱ्या. त्यांचा एकच साचा आहे आणि तो दोन्हीकडे वापरतात. संघाच्या जकात सवलतीसाठी ६,००० युरोंपेक्षा मोठ्या मालाला रेक्स (संघाची निर्यातदारांची नोंदणी) असलेल्या निर्यातदाराचंच विधान लागतं. ब्रिटनने जून २०२३ मध्ये विकसनशील देशांसाठी स्वतःची जकात सवलतीची योजना आणली, तिथे रेक्सची अट नाही, पण विधानाचा मजकूर वेगळा. युरोपचा मजकूर ब्रिटनच्या बिलावर टाकला तर आयातदाराची सवलत अडकते आणि तो पुढच्या बिलातून पैसे कापतो. फाइल हातात आली की बिलावरचं हे एक वाक्य स्वतः वाचा.

भारत-ब्रिटन व्यापार करारावर २४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या, हे वर्गात मोठ्या आवाजात सांगतात. सह्या आणि अंमल या दोन वेगळ्या तारखा असतात आणि प्रत्येक कराराचा मूळदेशाचा कागद वेगळा असतो, हेही तितक्याच आवाजात सांगायला हवं. सौदा करताना तुमच्या मालाच्या एचएस कोडला (कस्टम्समधला मालाचा क्रमांक) त्या दिवशी कोणता दर आहे ते आयातदाराकडून लेखी घ्या. 'आता सगळं शून्य' हे भाषणासाठी ठीक आहे.

चलनाचा मुद्दा छोटा, पण वर्गात उत्तम मांडला. सार्वमताच्या रात्री पौंड १.५० डॉलरवर होता, सकाळी १.३३ च्या खाली. पौंडात सौदा करून माल समुद्रात असलेल्याचा नफा झोपेतच गेला. सौदा डॉलरमध्ये करा किंवा बँकेकडून दर बांधून घ्या, आणि पहिल्यांदाच पाठवत असाल तर एफओबी न्हावा-शेवा, म्हणजे तुमची जबाबदारी तिथे जहाजावर माल चढेपर्यंतच. दारापर्यंत पोचवण्याच्या अटीवर सही केली तर ब्रिटनच्या कस्टम्सचा सगळा घोळ तुमच्या गळ्यात येतो.

शेवटच्या अर्ध्या तासात हॉलात पुन्हा सकाळचा वाद उपटतो, आणि तो दाबू नये अशी आयोजकांना विनंती. मे २०२५ मध्ये लंडनच्या बैठकीत ब्रिटन आणि संघाने ठरवलं की खाद्यपदार्थ आणि वनस्पतींच्या नियमांवर करार करायचा, ज्यात ब्रिटन संघाचे बदलते नियम पाळत राहील. ब्रिटनमध्ये यावर लगेच दोन तट पडले: एक म्हणतो ही सार्वमताशी दगाबाजी, दुसरा म्हणतो हे नऊ वर्षं आधी करायचं होतं. हळद पाठवणाऱ्यासाठी याचा अर्थ असा की आज दोन झालेले रकाने पुढेमागे पुन्हा एक होऊ शकतात, शिशाच्या मर्यादेसकट. तेव्हा आत्ताच सगळा माल कडक नियमावर, म्हणजे युरोपच्या, बसवून ठेवलेला बरा. वर्गात याचा उल्लेख नव्हता.

हॉलबद्दल: पंखे जुने, मागच्या तीन रांगांना बाईंचा आवाज पोचत नाही, आणि उन्हाळ्यात दुपारी प्रोजेक्टरचा पडदा उजेडामुळे पांढराच दिसतो. पुढे बसा, किंवा पावसाळ्यानंतरची तारीख घ्या. तसंही हळद काढायच्या आधी हे ऐकलेलं उपयोगी.

नाव नोंदवताना फोनवर दोन गोष्टी विचारा: पुस्तिका कोणत्या महिन्यात छापली, आणि उत्तर आयर्लंडचा रकाना वेगळा केला का. पहिल्याचं उत्तर सहा महिन्यांपेक्षा जुनं असेल तर पुस्तिकेऐवजी वही घेऊन जा. एकटे शेतकरी असाल आणि माल व्यापाऱ्यालाच देणार असाल तर फक्त सकाळसाठी ७५० रुपये जास्त आहेत. गट किंवा शेतकरी उत्पादक कंपनी असेल तर दोघांना पाठवा, एकाने सकाळ नीट ऐकावी आणि दुसऱ्याने दुपारी कंपनीचं पाकीट आणि जुनं बिल हातात घेऊन सरांना गाठावं. जेवणाच्या सुट्टीत ते बाहेर चहाच्या गाड्यावर असतात आणि तिथे हॉलातल्यापेक्षा मोकळेपणाने बोलतात.